उशिरा पोचलेल्या माणसाचं घड्याळ

‘मॅक्स पेन’ हा गेम सुरू झाल्यावर काही मिनिटांतच तुम्ही हरलेले असता.

न्यू जर्सीतलं एक टुमदार घर. न्यूयॉर्कचा एक पोलीस कामावरून घरी परततो. आत शिरताच भिंतीवर कुणीतरी रंगाने काढलेली खूण दिसते आणि वरच्या मजल्यावरून किंकाळ्या ऐकू येतात. आता कंट्रोल तुमच्या हातात असतो. तुम्ही जिना चढता, नशेत झिंगलेल्या घुसखोरांना गोळ्या घालता, एकेक दार उघडता. बाळाच्या खोलीत उशीर झालेला असतो. बायकोच्या खोलीतही. कितीही जोरात धावा, कितीही वेळा परत पहिल्यापासून खेळा, तुम्ही तिथे उशिराच पोचता. गेम तसाच बांधलेला आहे.

मग गोष्ट तीन वर्षं पुढे जाते. हिमवादळात गाडलं गेलेलं न्यूयॉर्क, मध्यरात्र, भुयारी रेल्वेचं स्टेशन. माऊसचं उजवं बटण दाबलं की मॅक्स हवेत आडवा झेपावतो आणि सगळं जग मंदावतं. बंदुकीतून निघालेली गोळी डोळ्यांना दिसते. रिकामी काडतुसं लोळण घेत खाली पडतात. स्क्रीनच्या कोपऱ्यात वाळूचं घड्याळ असतं. त्यातली वाळू संपेपर्यंत वेळ तुमच्या मालकीची.

ज्याला एकदा कायमचा उशीर झाला, त्याच्याच हाती वेळ मंद करायचं बटण. 2001 साली आलेल्या या गेममधल्या झेपा आणि दोन हातांत दोन पिस्तुलं लोकांच्या लक्षात राहिली, पण त्या झेपांना वजन येतं ते त्या घरामुळे. हे बटण मात्र गेमवाल्यांनी शोधलेलं नाही. ते सिनेमातून आलंय, आणि तिथेही त्याचा संबंध आधी स्टाइलशी नव्हता, मरणाशी होता.

मरण मंद का होतं?

सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम या वेगाने दाखवला जातो. शूटिंग करताना कॅमेरा त्याहून वेगाने चालवला, समजा 72 फ्रेमने, तर पडद्यावर तेच दृश्य तिपटीने लांबतं. यात एक मेख आहे. काय मंद करायचं ते शूटिंगच्या वेळीच ठरवावं लागतं.

अकिरा कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’त (1954) एका चोराने लहान मुलाला ओलीस धरून झोपडीत कोंडून घेतलेलं असतं. एक म्हातारा सामुराई भिक्षूचा वेष घेऊन आत शिरतो. आत काय घडलं ते आपल्याला दिसतच नाही. चोर बाहेर येतो, आणि तो कोसळताना तेवढं दृश्य मंद होतं. बघणारी माणसं मात्र नेहमीच्या वेगात. जणू मरणाऱ्याचा वेळ आणि जगणाऱ्यांचा वेळ तिथे वेगळा झाला.

अमेरिकेत सॅम पेकिनपाने ‘द वाइल्ड बंच’मध्ये (1969) हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली. एकाच गोळीबारावर अनेक कॅमेरे, प्रत्येकाचा वेग निराळा, आणि एडिटिंगमध्ये ते सगळे तुकडे एकमेकांत गुंफलेले. एक माणूस छपरावरून मंद गतीने खाली येतोय, तेवढ्यात बाकीचे धडाधड पडताहेत. त्या काळी लोकांना हे भयंकर रक्तरंजित वाटलं. पण या धांदलीत एकेका मरणाकडे निदान क्षणभर बघा, असंही तो सुचवत होता.

या दोन्ही सिनेमांचा पुढे मन लावून अभ्यास करणारा एक मुलगा हाँगकाँगच्या झोपडपट्टीत वाढला होता.

मुदत ठरलेलं शहर

जॉन वूचा जन्म 1946 सालचा, चीनमधल्या ग्वांगझू शहरातला. कम्युनिस्ट सत्ता आल्यावर कुटुंब हाँगकाँगला पळून आलं. 1953 च्या नाताळात शेक किप मेई वस्तीला भीषण आग लागली आणि पन्नास हजारांहून अधिक माणसं बेघर झाली. वूचं कुटुंब त्यांतलंच. त्याच्या शाळेचा खर्च चर्चच्या मदतीने भागला आणि लहानपणी त्याला धर्मोपदेशक व्हायचं होतं. त्याच्या मारधाडीच्या सिनेमांत चर्च, मेणबत्त्या आणि पांढरी कबुतरं का येतात, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

पुढे त्याने तलवारबाजीच्या सिनेमांचा उस्ताद चांग चेह याच्या हाताखाली सहायक म्हणून काम केलं. तलवारींच्या त्या जगातली दोस्ती, शपथा आणि बलिदान त्याने उचललं आणि तलवारीच्या जागी पिस्तूल दिलं. 1986 साली ‘अ बेटर टुमॉरो’ आला. एक भाऊ गुंड, दुसरा पोलीस. आपल्याला लगेच ‘दीवार’ आठवावा अशी जोडी. थोरल्याला सुधारायचंय, पण त्याच्या धंद्यापायी बाप जिवानिशी गेलेला असतो. तोही उशिराच सुधारतो. त्याचा मित्र मार्क, म्हणजे चाव युन-फॅट, लांब कोट घालून हॉटेलात शिरतो. बाहेर पडताना उपयोगी पडावीत म्हणून जाता जाता झाडांच्या कुंड्यांत पिस्तुलं लपवून ठेवतो. हाँगकाँगच्या पोरांनी तो कोट उकाड्यातही घातला.

पण या सिनेमातलं दुसरं एक दृश्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रात्री टेकडीवरून झगमगतं शहर बघत मार्क हळहळतो, की हे एवढं सुंदर आहे, पण टिकायचं नाही. दोनच वर्षांपूर्वी, डिसेंबर 1984 मध्ये, ब्रिटन आणि चीनने करार केला होता. 1 जुलै 1997 ला हाँगकाँग चीनच्या ताब्यात जाणार होतं. उरलेला वेळ दिवसांत मोजता येईल असं ते शहर होतं. अशा शहरातून वेळ ताणून धरणारा सिनेमा निघाला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

वूचा जुन्या हाँगकाँगमधला शेवटचा सिनेमा ‘हार्ड बॉइल्ड’ (1992). सुरुवातीलाच चहाघरात गोळीबार होतो. म्हातारे लोक पक्ष्यांचे पिंजरे घेऊन बसलेत आणि इन्स्पेक्टर टकिला, पुन्हा चाव युन-फॅटच, जिन्याच्या कठड्यावरून दोन्ही हातांनी गोळ्या झाडत घसरत खाली येतो. शेवट इस्पितळात. तिथे जवळपास पावणेतीन मिनिटांचा एक सलग शॉट आहे. दोन नायक एका मजल्यावर लढतात, लिफ्टमध्ये शिरतात, दार उघडतं आणि ते दुसऱ्या मजल्यावर लढायला लागतात. प्रत्यक्षात मजला एकच होता. लिफ्टचं दार बंद असताना, वीसेक सेकंदांत, बाहेरच्या मंडळींनी मोडतोड झालेला सेट पळत पळत बदलला.

ही करामत सगळ्यांना ठाऊक असते. त्या लिफ्टमध्ये काय घडतं ते मात्र विसरलं जातं. आधीच्या चकमकीत दोघांपैकी एकाच्या हातून चुकून एक पोलीस मारला गेलेला असतो. दार बंद होतं आणि ते त्याला उमगतं. बाहेर सेट बदलला जातोय, आत एक माणूस मोडून पडतोय आणि दुसरा त्याला कसाबसा सावरतोय. दार उघडतं. पुन्हा गोळीबार.

पुढच्या वर्षी वू हॉलिवूडला गेला.

फिनलंडमधली पोरं

‘मॅक्स पेन’ बनला फिनलंडच्या एस्पो शहरात. 1995 साली स्थापन झालेल्या रेमेडी कंपनीतली सुरुवातीची मंडळी ‘डेमोसीन’ नावाच्या हौशी चळवळीतून आली होती. कमी ताकदीच्या कॉम्प्युटरकडून डोळे दिपवणारी दृश्यं काढून घ्यायची, हा त्यांचा छंद. पैसे बेताचे. म्हणून गोष्ट सांगायला महागडे ॲनिमेशन न करता त्यांनी फोटोंवर रंगकाम करून कॉमिकसारखी पानं केली. त्यात कंपनीतले लोक, मित्र आणि नातेवाईक उभे केले. मॅक्सचा तो डोळे बारीक केलेला चेहरा गेमचा लेखक सॅम लेक याचा स्वतःचाच आहे, आणि खलनायिका म्हणून त्याची आई आहे.

‘द मॅट्रिक्स’ 1999 साली आला, म्हणून अनेकांना वाटतं की गेमने तिथून चोरी केली. गेमचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. दोघांनीही हाँगकाँगच्या एकाच विहिरीवरून पाणी भरलं होतं.

फरक होता तो यंत्रात. ‘मॅट्रिक्स’ने नायकाभोवती शंभराहून अधिक कॅमेरे रांगेत मांडून एक क्षण गोठवला. तो सुंदर होता, पण कायमचा ठरून गेलेला. गेममध्ये जग दर क्षणाला नव्याने मोजलं जातं. माणूस कुठे आहे, गोळी कुठे पोचली, याचा हिशेब सतत चालू असतो. त्या हिशेबातला काळ कमी केला की सगळं मंदावतं, आणि तेही खेळणाऱ्याला हवं तेव्हा. यासाठी रेमेडीने आणखी एक गोष्ट केली. तेव्हाच्या बऱ्याच शूटर गेममध्ये गोळी नावाची वस्तूच नसायची. चाप ओढला की एक अदृश्य रेघ आखली जायची आणि रेघेवरचा माणूस मरायचा. ‘मॅक्स पेन’मध्ये गोळी खरोखर प्रवास करते, म्हणून ती चुकवता येते. आणि जग मंद झालं तरी तुमचा नेम तुमच्याच वेगाने हलतो. त्या फरकात सगळी मजा आहे.

वाळू संपली की ती परत भरायची कशी? शत्रू मारून. गेम पूर्ण केल्यावर उघडणाऱ्या ‘न्यूयॉर्क मिनिट’ या प्रकारात तर प्रत्येक प्रकरणाला एकच मिनिट मिळतं आणि प्रत्येक खुनामागे काही सेकंद वाढतात. सूड घ्यायला निघालेल्या माणसाचं याहून प्रामाणिक वर्णन दुसरं नसेल. तो इतरांचा वेळ संपवून आपला वाढवतोय, आणि ज्या एका संध्याकाळी वेळ हवा होता तिथे यातलं एक सेकंदही खर्च करता येत नाही.

आमच्याकडे हा गेम कॉपी केलेल्या सीडींवरून आणि सायबर कॅफेतून पोचला. तिथे ताशी पैसे मोजावे लागत. स्क्रीनवर एक घड्याळ आणि काउंटरवर दुसरं. दोन्ही संपायला आली की घाम फुटायचा.

कबुतरांसाठी एक बटण

2007 साली वर्तुळ पूर्ण झालं. शिकागोच्या मिडवे कंपनीने जॉन वूच्या सहभागाने ‘स्ट्रँगलहोल्ड’ काढला. ‘हार्ड बॉइल्ड’ची पुढची गोष्ट, इन्स्पेक्टर टकिलाच्या रूपात चाव युन-फॅटचा चेहरा आणि आवाज. कठड्यावरून घसरा, सामानाच्या ढकलगाडीवर पोटावर झोपून गोळ्या झाडा, झुंबराला लटका. खांब, टेबलं, कलिंगडं, काहीही फोडता येतं. वेळ मंद करण्याचं नावच ‘टकिला टाइम’. एक खास हल्ला असा की टकिला गिरकी घेत सगळ्यांना टिपतो आणि भोवताली पांढरी कबुतरं उडतात.

खेळायला तो झकास आहे, हे कबूल करायला हवं. तासाभराने मात्र काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागतं. जितक्या नखऱ्याने माराल तितके जास्त तारे मिळतात. वूच्या सिनेमात कबूतर उडतं तेव्हा चर्चमध्ये कुणाचा तरी जीव जात असतो. इथे कबूतर हे बक्षीस आहे, मीटर भरला की मिळणारं. सिनेमातली प्रत्येक गोष्ट या गेममध्ये आहे. फक्त लिफ्टमधली ती वीस सेकंदं नाहीत. हातून चुकीचा माणूस मेला, असं टकिलाला इथे कधी थांबून समजत नाही. ज्या दिग्दर्शकाने हे सगळं घडवलं, त्याच्याच नावाच्या गेममधून नेमकं तेवढं निसटलं. दोन वर्षांत मिडवेने दिवाळखोरी जाहीर केली.

सगळ्यांचा एकच वेळ

आज आपल्या फोनवर नेमबाजीचे गेम चिक्कार आहेत. बीजीएमआय घ्या. तिथेही नायक पाठमोरा दिसतो, झेप घेतो, आडोशाला लपतो. पण वेळ मंद करायचं बटण तिथे नाही, आणि ते देणं फार कठीण आहे. शंभर माणसं एकाच सर्व्हरवर खेळत असताना एकट्यासाठी काळ मंद कसा करणार? नाशिकच्या मुलाने बटण दाबलं म्हणून नागपूरची मुलगी अडकून पडायची. ऑनलाइन खेळ वाढत गेले, तसा हा सगळा प्रकार मागे पडला, त्याचं एक कारण हेही आहे. वेळ सगळ्यांची झाली की कुणा एकाच्या दुःखासाठी ती थांबत नाही.

‘मॅक्स पेन’ 2012 मध्ये फोनवरही आला. बोटांनी नेम धरताना चिडचिड होते, तरी एकदा खेळून बघण्यासारखा आहे. 2022 मध्ये रेमेडीने पहिले दोन्ही भाग नव्याने बनवणार असल्याचं जाहीर केलं. बर्फ जास्त खरा दिसेल, काडतुसांवर प्रकाश चमकेल, चेहरेही बदलतील. बदलू देत. माझं मागणं एकच आहे. ते घर, तो जिना आणि ती दोन दारं जशी आहेत तशी राहावीत. तिथे पुन्हा एकदा उशिरा पोचू द्यावं. नाहीतर पुढच्या सगळ्या झेपा फक्त तारे मिळवण्यापुरत्या उरतील.