वेदनाशामकजन्य जठरव्रण आणि वनस्पतींचे अर्क

वेदनाशामकजन्य जठरव्रण म्हणजे ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, इंडोमेथॅसिन यांसारख्या दाहशामक औषधांमुळे जठराच्या अस्तराला होणारी जखम. तिला प्रतिबंध करण्यासाठी आवळा, शतावरी, ज्येष्ठमध, कच्चे केळे इत्यादींच्या अर्कांवर संशोधन झाले आहे. मात्र त्यातील बहुतेक पुरावा उंदरांवरील प्रयोगांचा आहे.

कारण

जठरातील आम्लापासून अस्तराचे रक्षण श्लेष्म्याचा थर, बायकार्बोनेट आणि पुरेसा रक्तपुरवठा यांमुळे होते. या तिन्हींचे नियमन प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये करतात. ॲस्पिरिन त्यांचीच निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. ज्या क्रियेने वेदना शमते तीच जठराचे संरक्षण काढून घेते. त्यामुळे गोळी जेवणानंतर घेतल्याने धोका पूर्णपणे टळत नाही. पोटदुखीही दबून राहते आणि कित्येकदा डांबरासारखा काळा मल किंवा रक्ताची उलटी हेच पहिले लक्षण ठरते. वृद्ध, पूर्वी व्रण झालेले आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे रुग्ण यांना धोका अधिक असतो.

वनस्पतींवरील संशोधन

प्रयोगाची रूढ पद्धत अशी: उपाशी ठेवलेल्या उंदरांना आधी अर्क व नंतर ॲस्पिरिन किंवा इंडोमेथॅसिन देतात आणि जठरावरील व्रणांची संख्या व लांबी मोजतात. कोल्हापूर जिल्ह्यातील मलकापूरपासून आंबा घाटापर्यंतच्या सह्याद्रीच्या पट्ट्यात आढळणारा आवळा आणि शतावरीची मुळे यांचे अर्क अशा प्रयोगांत उपयुक्त ठरले आहेत. कच्च्या केळ्यावरील काम विशेष लक्षणीय आहे. भारतात त्याचा आरंभ १९६० च्या दशकात झाला. १९८४ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांना असे आढळले की, भाजीच्या कच्च्या केळ्याची वाळवलेली पूड ॲस्पिरिनचे व्रण रोखते आणि झालेले व्रण भरूनही आणते. अस्तराच्या वाढीस मिळणारी चालना हे त्याचे कारण त्यांनी मानले.

ज्येष्ठमधाची कथा वेगळी आहे. हॉलंडमधील रेव्हर्स या डॉक्टरांनी १९४६ मध्ये जठरव्रणावर त्याचा उपयोग नोंदविला. पुढे त्यातील घटकापासून कार्बेनॉक्सोलोन हे औषध तयार झाले व १९६० च्या दशकात ते रुग्णांना दिले जाऊ लागले. परंतु त्यामुळे अंगावर सूज येणे, रक्तदाब वाढणे व रक्तातील पोटॅशियम घटणे असे दुष्परिणाम दिसले आणि सिमेटिडीन आल्यावर ते मागे पडले.

सद्यःस्थिती

माणसांत प्रतिबंधासाठी सिद्ध झालेली औषधे म्हणजे ओमेप्राझोलसारखी आम्लनिर्मिती रोखणारी औषधे आणि मिसोप्रोस्टॉल. यांपैकी दुसरे गर्भवतींना वर्ज्य आहे. उंदराला वजनाच्या प्रमाणात दिलेल्या सांद्र अर्काची मात्रा घरगुती काढ्यात किंवा चूर्णात मिळेलच असे नाही. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ज्येष्ठमध दीर्घकाळ घेणे धोक्याचे असते.