डी-आयसिंगनंतर विमान-इंजिन सुरू करणे

डी-आयसिंगनंतर विमान-इंजिन सुरू करणे : उभ्या विमानावर साचलेले दहिवर, हिम वा बर्फ फवारणीने काढल्यानंतर त्याची इंजिने सुरू करून उड्डाणास सज्ज करण्याची कार्यपद्धती. फवारणीचा द्रव पंख, शेपूट व धड यांसाठी असतो, इंजिनाच्या आतल्या भागासाठी नव्हे. म्हणून पंख साफ झाले तरी इंजिनांची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

फवारणी : द्रव मुख्यतः ग्लायकॉल व पाणी यांचा असतो. प्रकार १ चा पातळ, नारिंगी द्रव तापवून मारतात. नोझलपाशी त्याचे तापमान किमान ६०° से. असावे लागते. हिमवर्षाव चालू असल्यास त्यावर प्रकार ४ च्या दाट, हिरव्या द्रवाचा थर देतात. या थराची संरक्षणमुदत शेवटची फवारणी सुरू झाल्यापासून मोजली जाते, त्यामुळे इंजिने सुरू करण्यात गेलेला वेळही तिच्यातच धरला जातो. मुदत उलटल्यास पुन्हा तपासणी किंवा फवारणी करतात.

इंजिन व एपीयू (विमानातले लहान सहायक इंजिन) यांच्या तोंडांत द्रव मारत नाहीत. तो आत ओढला गेल्यास केबिनमध्ये वास व धूर येतो, तर त्याचा चिकट अवशेष संपीडकाच्या पात्यांवर राहून इंजिनाचा जोर घटू शकतो. म्हणून फवारणीच्या वेळी केबिनला जाणारी हवा बंद ठेवतात व फवारणीनंतर काही वेळाने, विमानाच्या कार्यपुस्तिकेप्रमाणे, पुन्हा सोडतात.

सुरू करण्यापूर्वी : उतरलेल्या विमानाच्या गरम इंजिनात शिरलेले हिम वितळते, त्याचे पाणी तळाशी उतरते आणि तिथेच गोठते. पंख्याची खालची पाती अशा बर्फात रुतलेली असू शकतात. त्यामुळे तंत्रज्ञ पंखा हाताने फिरवून पाहतो. तो अडकला असेल, तर गरम हवा सोडून बर्फ वितळवतात व पाणी निघून गेल्याची खात्री करतात.

सुरू करताना व नंतर : पंखा फिरताना दिसला नाही, तर इंजिन सुरू करणे तिथेच थांबवतात. थंड तेल घट्ट असल्याने त्याचा दाब आरंभी नेहमीपेक्षा जास्त दिसतो; तेल ठरलेल्या तापमानास येईपर्यंत जोर वाढवत नाहीत. बहुतेक जेट प्रवासी विमानांत तापमान १०° से. किंवा त्याहून कमी असून धुके, पाऊस वा हिम असेल, तर इंजिनाची अँटी-आयसिंग यंत्रणा लगेच चालू करतात. मंद गतीवर पात्यांवर बर्फ धरतो, तो झटकण्यासाठी काही विमानांत अधूनमधून जोर वाढवतात. मात्र निसरड्या जमिनीवर विमान घसरण्याचा धोका असतो.

अपघात : १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टन येथे एअर फ्लोरिडाच्या बोईंग ७३७ विमानाने फवारणीनंतर पाऊण तासाहून अधिक काळ हिमवर्षावात थांबून उड्डाण केले. इंजिनांची अँटी-आयसिंग यंत्रणा बंदच होती. दाब मोजणारी नळी गोठल्याने इंजिन-दाब गुणोत्तर प्रत्यक्षात सुमारे १.७० असता मापकावर २.०४ दिसत होते, म्हणजे इंजिनांचा जोर दिसत होता त्यापेक्षा कमी होता. विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळले. ७८ जण मृत्युमुखी पडले.

१० मार्च १९८९ रोजी कॅनडातील ड्रायडन येथे एअर ऑन्टारिओच्या फोकर एफ-२८ विमानाचा एपीयू नादुरुस्त होता आणि विमानतळावर इंजिन सुरू करून देणारे यंत्र नव्हते. बंद केलेले इंजिन पुन्हा चालू होणार नाही, म्हणून ते सुरूच ठेवले. चालू इंजिनासह फवारणीस मनाई असल्याने पंखांवरचे हिम तसेच राहिले. उड्डाण करताच विमान कोसळून ६९ पैकी २४ जणांचा मृत्यू झाला. २७ डिसेंबर १९९१ रोजी स्टॉकहोमहून निघालेल्या एसएएसच्या एमडी-८१ विमानाच्या पंखांवर फवारणीनंतरही पारदर्शक बर्फ उरला होता. तो उड्डाणानंतर सुटून मागच्या दोन्ही इंजिनांत शिरला व ती बंद पडली. विमान गोट्रोराजवळच्या शेतात उतरवले गेले. सर्व १२९ जण वाचले. असा बर्फ डोळ्यांना दिसेलच असे नाही, म्हणून एमडी-८१ सारख्या विमानांचे पंख हाताने चाचपून पाहणे आवश्यक ठरते.