खाणींतील शिकाऊ उमेदवार व त्यांचें विद्यावेतन

जुन्या दप्तरांशीं ज्यांचा नित्य संबंध आहे त्यांस 'उमेदवार' व 'शागीर्द' हे दोन फारसी शब्द परिचयाचे आहेत. उमेद म्हणजे आशा. कचेरींत बिनपगारी राबून, पुढेंमागें एखादी जागा मिळेल या आशेवर दिवस काढणारा तो उमेदवार. शागीर्द म्हणजे शिष्य. परंतु पेशवाईच्या कागदांत 'शागीर्दपेशा' हें नांव हुजऱ्या-खिजमतगारांच्या वर्गास लाविलेलें आढळतें. शिकणारा व राबणारा यांतील भेद आमच्या पूर्वजांनीं फारसा मानला नव्हता, असें या शब्दांवरून दिसतें. आज खाणींत शिकावयास ठेवलेल्या मुलास सरकारी मराठींत 'शिकाऊ उमेदवार' म्हणतात व त्यास मिळणाऱ्या रकमेस 'विद्यावेतन'. हें विद्यावेतन मालकानें द्यावें, सरकारनें द्यावें, कीं दोघांनीं वांटून घ्यावें, या प्रश्नाचा इतिहास चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या संबंधानें येथें मांडण्याचें योजिलें आहे.

या प्रांतीं खाणी नव्या नव्हेत. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा निर्देश अइन-इ-अकबरींत आहे. कोळशाचें प्रकरण मात्र इंग्रजी अमलांतलें. वरोऱ्याची कोळशाची खाण १८७१ पासून १९०६ पर्यंत खुद्द सरकारनें चालविली. चांदा जिल्ह्यांतील लोहाऱ्याचें लोखंड व वरोऱ्याचा कोळसा यांसंबंधीं फॉन श्वार्झ यानें १८८२ सालीं केलेला अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनांत आला व त्यांच्या मनांत पोलादाच्या कारखान्याचा विचार रुजला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. कारखाना पुढें चांद्यास न होतां साक्चीस झाला, हा या जिल्ह्याच्या दैवाचा भाग. त्याचा विस्तार येथें नको.

वरोऱ्याची खाण चालू होती त्या काळीं शिकाऊ मुलांसंबंधीं एकच कायदा होता, तो १८५० सालचा एकोणिसावा. दहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील मुलास बापानें किंवा पालकानें करारानें धंदेवाल्याच्या स्वाधीन करावें. मुदत सात वर्षांहून अधिक नसावी. मुलगा एकवीस वर्षांचा झाला कीं करार संपावा, मुलगी असल्यास तिचें लग्न झालें कीं संपावा, अशी त्यांतील योजना होती. अनाथ व धर्मादायावर वाढलेल्या मुलांकडे त्याचा विशेष रोख. मालकानें अन्न, वस्त्र व धंद्याचें ज्ञान द्यावें, मुलानें आज्ञेंत राहावें, असा हा व्यवहार होता. शिकविणाऱ्या मालकाचा भार सरकारनें उचलावा हा विचार त्यांत नाहीं.

तो विचार कायद्यांत आला स्वातंत्र्यानंतर. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमानें जुना कायदा रद्द झाला. नव्या कायद्याचें नववें कलम खर्चाच्या वांटणीचें आहे आणि आमच्या मतें सबंध कायद्याचा जीव त्यांतच आहे. प्रत्यक्ष कामावरील शिक्षणाचा खर्च मालकाचा. प्राथमिक शिक्षणाचा खर्च मात्र लहान मालक असल्यास त्यानें व सरकारनें ठराविक मर्यादेपर्यंत निम्मा-निम्मा सोसावयाचा. १९७३ च्या दुरुस्तीनें अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक यांसही या कायद्यांत आणिलें आणि त्यांच्या विद्यावेतनाचा अर्धा वांटा, ठरविलेल्या मर्यादेपर्यंत, केंद्र सरकारनें पत्करिला.

या सालाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. १ मे १९७३ रोजींच वर्धा नदीच्या खोऱ्यांतील कोळशाच्या खाणी देशांतील इतर खाणींबरोबर राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. १९७५ पासून त्यांचा कारभार वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीकडे आला. म्हणजे चंद्रपूर-बल्लारपूरकडे खाणकामाची पदविका घेतलेला मुलगा सरकारी खाणींत उतरला, तर विद्यावेतनाचा अर्धा भाग देणारें केंद्र सरकार व उरलेला अर्धा देणारी कंपनी यांचा धनी एकच. एका खिशांतून काढून दुसऱ्या खिशांत घालावें, तसा हा प्रकार. तरी तो निरर्थक नव्हता. कंपनीच्या हिशेबांत शिकाऊ मुलगा हा खर्चाचा रकाना असतो. रकाना अर्धा झाला तर खाणीच्या व्यवस्थापकास दोन मुलें अधिक घेण्याचें धैर्य होतें.

उलट बाजूस, मुलाची गरज खाणीच्या गरजेहून फार मोठी आहे. ओव्हरमनच्या परीक्षेस बसावयाचें तर पदविका असूनही खाणींतील प्रत्यक्ष अनुभवाचा दाखला लागतो, आणि तो दाखला खाणीवांचून दुसरें कोणी देऊं शकत नाहीं. अशा वेळीं मालकाची दया हेंच मुलाचें भांडवल होऊन बसतें. जुन्या काळचा उमेदवार बिनपगारी कां राबे, याचें उत्तर यांतच आहे. सरकारी वांट्याचा खरा उपयोग ही तराजू थोडी सरळ करण्याचा. इतर देशांसही हें सुचलें आहे. कॅनडांत २०१७ पासून विद्यार्थ्यांस काम देणाऱ्या मालकांना, त्यांत खाणवालेही आले, वेतनाचा अर्धा भाग ठराविक मर्यादेपर्यंत सरकारकडून मिळूं लागला.

आतां या कायद्यांतील एका चमत्कारिक जागेकडे वळूं. अठरावें कलम म्हणतें कीं शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे व कामगारांविषयींचे कायदे त्यास लागू नाहींत. चौदावें कलम म्हणतें कीं तो खाणींत शिकत असतां, आरोग्य व सुरक्षितता यांपुरता, खाणींत नेमलेला मनुष्यच समजावा. छत कोसळण्याच्या वेळीं तो खाणीचा मनुष्य, पगाराच्या दिवशीं विद्यार्थी! १९५२ च्या खाण अधिनियमानें अठरा वर्षांखालील कोणासही खाणींत काम करण्यास बंदी केली होती, ती १९८३ च्या दुरुस्तीपासूनची. परंतु शिकाऊ उमेदवारास योग्य देखरेखीखालीं सोळाव्या वर्षीं उतरण्याची मोकळीक त्याच कलमांत ठेविली होती. दोन वर्षें आधीं अंधारांत जाण्याचा जो हक्क मुलास मिळाला, त्याचें मोल विद्यावेतनांत धरलेलें आम्हांस दिसत नाहीं.

अलीकडील योजना थोडक्यांत सांगतों. २०१६ सालीं राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना निघाली. तिनें विद्यावेतनाचा चौथा भाग, दरमहा १५०० रुपयांपर्यंत, सरकारनें देण्याचें ठरविलें. २०२१ मध्यें महाराष्ट्र शासनानें पाऊणहिस्सा, ५००० रुपयांपर्यंत, उचलण्याची आपली योजना काढली. पूर्वीं केंद्राचा वांटा मालकास भरपाई म्हणून मिळे. २०२३ पासून तो थेट मुलाच्या बँकेच्या खात्यांत पडूं लागला. हा फरक दिसण्यांत लहान, पण मोठा आहे, कारण पैसा कोणाच्या हातून आला हें मुलास प्रथमच कळलें. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेनें तर बारावी झालेल्यास ६०००, आय.टी.आय. किंवा पदविका झालेल्यास ८००० व पदवीधरास १०००० रुपये दरमहा सरकारनेंच देण्याचें ठरविलें. आरंभीं मुदत सहा महिन्यांची. १८५० सालीं जो भार सर्वस्वीं मालकाचा होता तो येथें सर्वस्वीं सरकारचा झाला. गडचिरोलीकडे, एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडची लोहखाण २०१६ सालीं सुरू होऊन, त्याच वर्षाच्या डिसेंबरांतील जाळपोळीनंतर थांबून, २०२१ पासून पुनः चालू झाली. ती खाजगी मालकीची. तेथें एका खिशांतून दुसऱ्या खिशांत असें म्हणतां येत नाहीं. अशा ठिकाणीं सरकारी वांटा खरोखर परक्या खिशांत जातो, म्हणून त्याची झडतीही अधिक कसून घेतली पाहिजे.

झडती कोठें घ्यावी, तें बाविसावें कलम सांगतें. शिक्षण संपल्यावर मुलास नोकरी देणें मालकावर बंधनकारक नाहीं. २०१४ च्या दुरुस्तीनें मालकानें यासंबंधीं आपलें धोरण ठरवावें एवढें म्हटलें आहे. कोळशाच्या पट्ट्यांत हें सर्वांस ठाऊक आहे. खाणींत शेत गेलेल्या घरास त्या शेतापोटीं नोकरी मिळूं शकते. वर्षभर शिकलेल्या मुलास दाखला मिळतो. 'उमेदवार' या शब्दाचा जुना अर्थ येथें अजून जिवंत आहे.

आमच्या वाचकांपैकीं जे कागद जमवितात त्यांस एक विनंति. या कायद्यान्वयें प्रत्येक मुलाचें करारपत्र लिहिलें जाऊन शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नोंदविलें जात असे. मूल अज्ञान असल्यास त्यावर पालकाची सही. कोण, कोणाच्या पदरीं, कोणता धंदा शिकावयास, किती विद्यावेतनावर राहिला, हें सर्व एका पानांत सांपडतें. नवीं करारपत्रें संगणकावर होतात, त्यांस हात लावण्याजोगें कांहीं नाहीं. परंतु १९६२ पासून पुढल्या सुमारें पन्नास वर्षांचीं कागदी पत्रें घराघरांत, शाळेच्या दाखल्यांच्या व शेताच्या सात-बाराच्या पिशव्यांतून असूं शकतात. सनदा व महजर शोधणारांच्या दृष्टीस हा कागद हलका वाटेल, कारण तो छापील नमुन्यावरचा आहे. तरी घरमालक पिशवी उघडील तेव्हां तेंही पान उलटून पाहावें, व त्याची नक्कल करून घ्यावी.