धरमपुरी आणि निकालाचा पुनर्विचार

एकदा दिलेला अंतिम निकाल न्यायालयाला सहसा बदलता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 47 नुसार नवा महत्त्वाचा पुरावा, कागदांवर उघड दिसणारी चूक किंवा तसेच सबळ कारण असेल, तरच पुनर्विलोकन होते. सर्वोच्च न्यायालयाला हा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद 137 ने दिला. असा अर्ज शक्यतो त्याच न्यायमूर्तींपुढे जातो आणि बहुधा वकिलांच्या युक्तिवादाविना, दालनातच निकाली निघतो.

धार जिल्ह्यातील नर्मदाकाठच्या धरमपुरीचे भवितव्य अशाच अंतिम निर्णयांनी ठरले. सरदार सरोवर धरणाच्या बुडीत क्षेत्राच्या यादीत हे गाव होते. नर्मदा जलविवाद लवादाने 16 ऑगस्ट 1978 रोजी निर्णय दिला. 1956 च्या आंतरराज्य जलविवाद कायद्यानुसार संबंधित सरकारांना तीन महिन्यांत स्पष्टीकरण मागता येत होते. ते झाल्यावर डिसेंबर 1979 मध्ये अंतिम आदेश निघाला आणि पूर्ण जलपातळी 455 फूट, म्हणजे 138.68 मीटर, ठरली. पाणीवाटपाचा फेरविचार 45 वर्षांनंतरच करता येईल, अशी तरतूद लवादाने केली.

सर्वोच्च न्यायालयानेही 18 ऑक्टोबर 2000 रोजी दोन विरुद्ध एक मतांनी धरणाच्या बांधकामाला परवानगी देताना लवादाचा निर्णय पुन्हा तपासला नाही. अल्पमतातील न्यायमूर्ती भरूचा यांनी मात्र पर्यावरणाच्या फेरतपासणीचे मत दिले. ते मान्य व्हायला हवे होते, कारण बुडालेली जमीन कोणत्याही पुनर्विलोकनाने परत येत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये धरण प्रथमच पूर्ण भरले.