जुनी डिझेल फोर बाय फोर परराज्यातून घेताय? सौद्याआधी हा हिशेब मांडा

नव्या फॉर्च्युनरचा आकडा ऐकून मागे फिरलेला माणूस जुन्या फॉर्च्युनरकडे वळतो. पावसाळ्यात शेतापर्यंतची पाणंद, खानापूर-चोर्ल्याकडचा चिखल ही कारणं खरी असतात, आणि थोडा रुबाबही हवा असतो. बेळगाव-निपाणीचा गिऱ्हाईक मग कोल्हापूर, पुणे, गोवा आणि हल्ली थेट दिल्लीपर्यंत चौकशी करतो. दिल्लीची गाडी दोन-तीन लाखांनी स्वस्त दिसली, की सौदा झालाच म्हणायचा. पण गाडी परराज्यातली असेल, तर विकणाऱ्याने सांगितलेला आकडा ही निम्मीच किंमत समजून चालावं लागतं.

दिल्लीची गाडी स्वस्त का, ते आधी समजून घेतलेलं बरं. दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला राष्ट्रीय हरित लवादाने मनाई केली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०२५ मध्ये कारवाईबाबत न्यायालयाने काही दिलासा दिला, तरी आठव्या-नवव्या वर्षातली डिझेल गाडी बाहेर काढण्याकडे तिथल्या मालकांचा कल असतो. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, त्यामुळे अशी गाडी घेणं बेकायदेशीर नाही. फक्त तिची नोंदणी रद्द झालेली नाही ना आणि एनओसी निघते ना, याची खात्री पैसे देण्याआधी करायची, नंतर नव्हे.

करात फसगत होते

परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ तसं सांगतं. नवा नंबर म्हणजे नव्या राज्याचा रोड टॅक्स. कर्नाटकात वीस लाखांवरच्या गाडीला आजीवन कराचा दर १८ टक्के आहे, वर अधिभार वेगळा. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला १५ टक्के. गोव्यातला दर कर्नाटकापेक्षा बराच कमी, त्यामुळे जीए नंबरची गाडी बेळगावात आणली की फरक जास्तच जाणवतो.

हा कर आपण जुनी गाडी कितीला घेतली यावर बसत नाही. गाडी नवी असतानाची किंमत धरतात, आणि वयानुसार त्या कराचा ठरलेला हिस्सा घेतात. समजा गाडी नवी असताना ३० लाखांची होती. १८ टक्क्यांनी ५ लाख ४० हजार होतात. वयामुळे त्यातला निम्मा लागला असं नुसतं उदाहरणादाखल धरलं, तरी २ लाख ७० हजार झाले. दिल्लीच्या गाडीत वाचलेले दोन-तीन लाख इथेच संपले. नेमका हिस्सा केए-२२ किंवा केए-२३ च्या आरटीओ कार्यालयात गाडीचं वय सांगून विचारता येतो. एजंटाच्या तोंडी आकड्यावर सौदा करू नये. पहिल्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्या पैशाला वेळ लागतो. सौद्याच्या हिशेबात तो न धरलेलाच चांगला.

कागद कोणाच्या नावावर

परराज्यात जाणाऱ्या गाडीला मूळ आरटीओची एनओसी लागते, ती फॉर्म २८ वर. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५. कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलेला नसेल, तर मालकाने हप्ते फेडल्याचं कितीही सांगितलं तरी थांबायचं. मालक कितवा आहे, विमा, पीयूसी, बोजा हे वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून दिसतं. ई-चलन वेगळं तपासायचं. गाडी चोरीची नाही ना, हे एनसीआरबीच्या नोंदीत पाहता येतं.

खरा धोका सह्या केलेल्या कोऱ्या फॉर्मचा. मालक फॉर्मवर सह्या करून मोकळा होतो, एजंट गाडी तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला, आणि आरसीवर नाव पहिल्याचंच राहतं. अशाच एका प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, नोंद मात्र मूळ मालकाचीच होती, आणि २००९ मध्ये तिचा जीवघेणा अपघात झाला. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच. म्हणजे आपली जुनी गाडी विकणाऱ्यालाही हे तितकंच लागू. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते दाखवा म्हटल्यावर चिडणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

गाडीखाली वाका

मागच्या दारावर ‘फोर बाय फोर’ लिहिलेलं पुरावा नाही, ते अक्षर बाजारात विकत मिळतं. फॉर्च्युनर टू बाय फोरमध्येही येते. आत लिव्हर किंवा गोल नॉब आहे का ते बघायचं, आणि गाडी रॅम्पवर चढवून पुढच्या चाकांकडचा डिफरन्शियल डोळ्यांनी पाहायचा.

ऑगस्ट २००९ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या फोर बाय फोरमध्ये ताकद कायम चारही चाकांना जाते. नोव्हेंबर २०१६ च्या दुसऱ्या पिढीत ती नॉबने हवी तेव्हा लावायची. बरेच मालक हा नॉब वर्षानुवर्षं फिरवतच नाहीत, आणि मग तो अडकून बसतो. म्हणून ट्रायल घेताना मोकळ्या मातीत फोर हाय आणि गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये फोर लो लावून बघायचं. दिवा लुकलुकत राहिला किंवा खालून कटकट आली, तर भाव तिथेच कमी करायचा. दुसऱ्या पिढीची गाडी कोरड्या डांबरावर फोरमध्ये घालून वळवू नये, सगळा ताण गिअरवर येतो. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल कधी बदललं, याचं बिल मागायचं.

इंजिनात पिढीचा फरक मोठा. जुन्या ३ लिटर डिझेलला टायमिंग बेल्ट आहे, तो दीड लाख किलोमीटरला बदलावा लागतो; बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करायचा. २०१६ नंतरच्या २.८ लिटरला चेन आहे. बीएस-६ गाड्यांत धुराची काजळी जाळणारा डीपीएफ फिल्टर असतो. गाडी फक्त गावातल्या गावात फिरली असेल, तर तो भरलेला असू शकतो. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगायचं. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जायचं.

किनारपट्टीची गाडी असेल तर चॅसिसचा गंज बघायचा. कोल्हापूर-सांगलीकडची गाडी असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुराची शंका मनात ठेवून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, सीटखालचे रूळ आणि कार्पेटखालचा गाळ तपासायचा. नॉब, फ्लोअरमॅट नवे कोरे आणि ब्रेकचं रबर घासून गुळगुळीत, पण मीटरवर साठ हजार, असं असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरची नोंद काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. फोर्ड एन्डेव्हर यांत्रिकदृष्ट्या दमदार, भावही कमी. पण फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. बेळगावात तिचा जाणकार मिस्त्री कोण, हे आधी शोधून मगच तिच्याकडे वळावं.

पैशाचं म्हणाल तर दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा. चेक किंवा ऑनलाइनच द्यावेत. डीलर बिलात १८ टक्के जीएसटी दाखवेल, तो त्याच्या नफ्याच्या फरकावर असतो, पूर्ण किमतीवर नाही. मालकाकडून थेट घेतली तर तो लागत नाही. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज द्यायचा. नो क्लेम बोनस मात्र विकणाऱ्याचाच राहतो, त्यामुळे पुढचा हप्ता त्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा जास्त येतो.