न विकता येणारे कॉलेज

१ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला. पुढे ओरोसच्या माळावर कचेऱ्या उठल्या. दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडले. आमच्या वस्त्यांतली पोरे शिष्यवृत्तीचा कागद घेऊन त्या दारात उभी राहिली. देणगीबंदीचा कायदा १९८७ साली आला. म्हणजे देणगी उकळली जात होती, हे सरकारनेच कबूल केले!

धंदा असला तरी कागदावर तो सार्वजनिक न्यास. म्हणून डबघाईला आलेले कॉलेज दुकानासारखे विकता येत नाही. १९५० च्या न्यास कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार जमीन-इमारत विकण्याआधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. वर विद्यापीठाची संलग्नता, तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहेच. चोरवाट मात्र २२ व्या कलमाशेजारून जाते: विश्वस्त बदलायचे आणि नव्वद दिवसांत बदल अर्ज टाकायचा. त्याचीही चौकशी होते. पण खरी किंमत त्या अर्जात कोण लिहितो?

ही कोंडी आपल्याच मुलखातली नाही. अमेरिकेत कोरिंथियन कॉलेजेस ही नफ्याची उघड कंपनी होती. २०१४ मध्ये शिक्षण खात्याच्या दडपणाखाली ती विकायला निघाली. न विकलेली कॉलेजे एप्रिल २०१५ मध्ये बंद पडली. सुमारे सोळा हजार विद्यार्थी रस्त्यावर आले.

आपले ३६ वे कलम न्यासाचे हित पाहायला सांगते. मी म्हणतो, तिसऱ्या वर्षाला बसलेल्या पोराचे हितही मंजुरीच्या हुकुमात लिहा: भरलेली फी कुठे गेली, मूळ दाखले कोणाच्या कपाटात आहेत, शिष्यवृत्तीचा पुढचा हप्ता कोणाच्या खात्यात पडणार.