पिछाडीवरची सुई

1861 च्या उन्हाळ्यात, यादवी युद्ध पेटल्यावर, अमेरिकेच्या उत्तरेकडील गावोगावच्या स्त्रिया शिपायांसाठी टोपीवर चढवायचे पांढरे अभ्रे शिवत होत्या. मागे मानेवर पदर सोडलेल्या या अभ्ऱ्याला ‘हॅवलॉक’ म्हणत. 1857 च्या धामधुमीत गाजलेल्या आणि त्याच वर्षी लखनौत वारलेल्या हेन्री हॅवलॉक या ब्रिटिश सेनापतीचे हे नाव. हिंदुस्थानच्या उन्हाची ही सोय अमेरिकन शिपायांना मात्र नकोशी झाली. कोणी तिच्यातून कॉफी गाळली, कोणी तिने भांडी पुसली. पिछाडीवरच्या स्वयंसेवेचा मागोवा घ्यायला आपण या फसलेल्या अभ्ऱ्यापासूनच निघावे, कारण नुसत्या मायेने भागत नाही, हे इथे उघड झाले.

त्याआधीच्या पाऊलखुणाही आहेत. 1854 मध्ये क्रिमियातल्या जखमींच्या हालाच्या बातम्या लंडनच्या ‘टाइम्स’ने छापल्या, लोकांनी निधी उभारला आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या. जून 1859 मध्ये सोल्फेरिनोच्या लढाईनंतर शेजारच्या कास्तिल्योने गावातील बायकांनी शत्रू-मित्र न पाहता घायाळांची शुश्रूषा केली. ते पाहिलेल्या आंरी द्युनांच्या पुस्तकातून 1863 मध्ये जिनिव्हात रेड क्रॉसची मुळे रुजली. अमेरिकेत मात्र 1861 मध्येच ‘सॅनिटरी कमिशन’ स्थापन झाले होते. छावण्यांची तपासणी करून काय हवे, काय नको, हे ते गावोगावच्या मंडळांना कळवू लागले. 1863 मध्ये कमिशनच्या मदतीसाठी शिकागोत भरलेल्या जत्रेत तर अध्यक्ष लिंकनने दिलेला गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा हस्तलिखित मसुदा 3,000 डॉलरला विकला गेला. जत्रेचा कारभार मेरी लिव्हरमोर आणि जेन होग या दोघींच्या हाती होता. शिवणटिपणातून आलेला अधिकार आता हिशेबाच्या वहीपर्यंत पोचला होता.

1914 मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि हीच सुई ब्रिटिश साम्राज्यभर चालू लागली. खंदकांतल्या चिखलात पाय कुजत आणि कोरड्या मोज्यांना औषधाचे मोल येई. राणी मेरीने स्त्रियांकडे 3,00,000 मोजेजोड मागितले. त्याच सुमारास लंडनमध्ये सरोजिनी नायडूंनी लायसियम क्लबात बेतलेल्या कपड्यांचा ढीग गांधीजींपुढे ठेवला आणि शिवून आणायला सांगितले. दोघांची ओळख झाली ती या कामातून. दात्यांचा ओघ इतका वाढला की 1915 मध्ये सरकारला स्वयंसेवी संस्थांवर देखरेखीसाठी एक महासंचालकच नेमावा लागला. पुढच्या युद्धाच्या आधीच, 1938 मध्ये, लेडी रीडिंग यांनी ‘विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस’ उभी केली. त्यांच्या कामाची उमेदवारी दिल्लीत, व्हाइसरॉयच्या पत्नीच्या कार्यालयात झाली होती. स्थलांतरित मुलांची सोय, बेघरांना कपडे, विमानांसाठी ॲल्युमिनियमची भांडी गोळा करणे: सदस्यसंख्या दहा लाखांवर गेली आणि सरकार या बायकांवर उघडपणे विसंबू लागले.

आपल्याकडे हा वारसा 1962 च्या ऑक्टोबरात चीनच्या आक्रमणाच्या धक्क्यासरशी जागा झाला. हिमालयात जवान पुरेशा गरम कपड्यांविना लढत होते, ही बातमी घरोघर पोचली. राष्ट्रीय संरक्षण निधीत दागिने पडू लागले, लोकरीचे स्वेटर विणले जाऊ लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुंबईहून संरक्षण मंत्रालय सांभाळायला दिल्लीस गेले. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लागू झाले. त्यात स्वेच्छा उरली नव्हती. एरवी वर्गणीतून भागवलेली गरज आता डाकेच्या खिडकीतून वसूल होत होती.

या वाटेचे आजचे टोक युक्रेनमध्ये दिसते. 2022 च्या रशियन आक्रमणापासून तिथल्या शाळा-ग्रंथालयांत जुन्या कपड्यांच्या पट्ट्या जाळ्यांत ओवून रणगाडे झाकायची आवरणे होतात: उन्हाळ्यात हिरवी, हिवाळ्यात पांढरी. रिकाम्या डब्यात पुठ्ठ्याची गुंडाळी ठेवून वर मेण ओतले की खंदकातली शेगडी तयार होते. आघाडीवरच्या तुकड्या थेट मागणी कळवतात, त्यामुळे हॅवलॉकसारखी फसगत टळते. पण दीडशे वर्षांत सुटलेला प्रश्न हा एवढाच. जवानाच्या पायातले मोजे शेजारणीने विणावे लागतात, तेव्हा तिची माया जशी कळते, तशी सरकारच्या कोठारातली उणीवही कळते. आणि तिचा जाब युद्ध संपल्यावर क्वचितच कोणी विचारते.